मंदाक्रांतेखालची नऊ अंडी

२ मार्च, सकाळ

आज या घरातील सभ्यता अस्तास गेली. चहाची गाळणी नाही. चोरीला गेली असती तर समजू शकलो असतो. हिने ती बॅगेत भरून लेकीकडे नेली. तिकडची जाड भोकांची आहे म्हणे. म्हणजे जावयाच्या कपात पावडर तरंगू नये म्हणून इकडे एका सेवानिवृत्त संस्कृत शिक्षकाने ती चावून खावी. जुन्या रुमालातून चहा गाळला. रुमाल गेला आणि चहाही गेला. फोनवर हा विषय काढायचा नाही असे ठरवले. काढला तर ही म्हणेल, नवी आणा. तिला तत्त्वाशी काही देणेघेणे नाही.

ही किती दिवसांसाठी गेली ते नक्की नाही. लेकीला आठवा लागला आहे. रक्तदाब चढला म्हणून डॉक्टरीणबाईंनी अंथरुणावरून हलायचे नाही असे बजावले. बाळ महिनाअखेरपर्यंत आत राहिले पाहिजे. दोन वर्षांपूर्वी याच सुमाराला पहिले गेले. त्याबद्दल इथे लिहिण्यासारखे काही नाही.

मीही बरोबर जाणारच होतो. पण कोंबड्यांचे काय? ही म्हणाली, अहो, शेजारचे कंडक्टर बघतील की. शेजारी निवृत्त बस कंडक्टर आहेत. माणूस सज्जन, पण दाणे टाकतो ते सुटे परत केल्यासारखे. अशा हाती जिवंत प्राणी सोपवणे बेजबाबदारपणाचे ठरेल.

चार दिवसांत सगळे मार्गी लावून निघायचे. नक्की.

४ मार्च

कोंबड्यांना मी वृत्तांची नावे दिली आहेत. मंदाक्रांता, शिखरिणी आणि मालिनी या तिघी जुन्या. चौथी वसंततिलका नंतर आणली. ही त्यांना भुरी, काळी, तांबडी आणि 'ती भांडकुदळ' म्हणते. छंदःशास्त्राबद्दल तिला पहिल्यापासून आस्था नाही.

आज सकाळी वसंततिलका कुंपणावर चढली आणि आरवली.

मी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिलो. कंडक्टर कुंपणापलीकडून म्हणाले, सर, महिनाभर आरवतोय की तो. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. मी तो आवाज त्यांच्या मोबाईलचा समजत होतो, हे त्यांना सांगितले नाही. इतर तिघींशी तिचे जे वागणे मी कलहप्रियता समजत होतो, तेही आता वेगळ्या प्रकाशात दिसते.

दुसरी बातमी. मंदाक्रांता टोपलीतून उठत नाही. हात पुढे केला की फुगते आणि टोचते. कंडक्टर म्हणाले, खुडूक झाली. गार पाण्यात बुचकळा, ताळ्यावर येईल. काय ही क्रूरता. जिला आई व्हायचे आहे तिला बुचकळायचे?

तिच्याखाली अंडी ठेवणार. साप्ताहिकाला 'कुक्कुटपालनातील आनंद' असे वार्तापत्र कबूल केलेच आहे. विषय आयता चालून आला.

५ मार्च, दुपार

नऊ अंडी जमवली. काहींना माती, काहींना त्याहून वाईट काही लागलेले. अशा अवस्थेत नव्या जीवाचा आरंभ व्हावा हे मनाला पटेना. कोमट पाणी घेतले, त्यात सौम्य साबण. एकेकाला हळुवार न्हाऊ घातले, मऊ पंच्याने टिपले, पेन्सिलीने क्रमांक घातले. मंदाक्रांतेने सगळी पोटाखाली ओढून घेतली. तिचा तो समाधानाचा घुमारा ऐकून मलाच भरून आले.

लेकीला फोनवर अथपासून इतिपर्यंत सांगितले. ती हसली. म्हणाली, साबण कुठला हो बाबा, हिरवा की गुलाबी? मग म्हणाली, म्हणजे मी आणि तुमची मंदाक्रांता एकाच आठवड्यात बसलो. पण ती नशीबवान. तिला कुणी सारखं सारखं बीपी घ्यायला उठवत नाही. पिल्ले कधी निघतील विचारले. म्हटले सव्वीसला. म्हणाली, बघू कोण आधी उठतं.

मागाहून हिने फोन घेतला आणि हलक्या आवाजात म्हणाली, अहो, चार दिवसांत आज पहिल्यांदा हसली ती.

तेव्हा हे काम आता माझे खासगी राहिलेले नाही. निघणे थोडे लांबणीवर.

८ मार्च

सर्व सुरळीत. मंदाक्रांता दिवसातून एकदा उठते, खाते, पिते आणि एक विधी उरकते. त्याच्या आकारमानाचे वर्णन वार्तापत्रात करावे की नाही, विचार चालू आहे.

लेक रोज अकराच्या सुमारास फोन करते आणि अंड्यांची खबर घेते. मी तपशीलवार सांगतो. तिच्या तब्येतीचे मी विचारत नाही. दिवसभर सगळे तेच विचारतात, तिला कंटाळा येत असेल.

ही म्हणाली, कधी येताय? रविवारी, म्हटले.

९ मार्च, रविवार

खुराड्याचे दार नीट लागत नाही, असे ऐन निघताना लक्षात आले. सुतार सोमवारशिवाय मिळणार नाही.

११ मार्च, दुपार

पशुसंवर्धन कार्यालयातून एक पुस्तिका आणली. वार्तापत्राला शास्त्रीय आधार हवा म्हणून. तिच्यात ठळक टाईपात छापले आहे की उबवायची अंडी कधीही धुऊ नयेत. कवचावर एक नैसर्गिक लेप असतो, तो धुतला की जंतू आत शिरतात आणि अंडे सडते.

हा नियम सर्वसाधारण लोकांसाठी असावा. ते गटारातल्या पाण्याने धूत असतील. मी पाणी उकळून कोमट केले होते.

पुन्हा वाचले. 'साबण' हा शब्द स्वतंत्र वाक्यात आहे.

१२ मार्च

लेकीने विचारले, काय म्हणतायत? म्हटले, उत्तम. हा शब्द मी इतक्या जोरात उच्चारला की वसंततिलका कुंपणावरून उतरला.

हिने फोन घेतला. बीपी उतरत नाही. पायांवर सूज आहे. हिचा आवाज सपाट होता. ही घाबरते तेव्हा तिचा आवाज चढत नाही, इस्त्री केल्यासारखा होतो. मी म्हटले, काळजी करू नकोस. ती म्हणाली, मी काळजी करत नाहीये, तुम्हाला सांगतेय.

शकुनबिकुन मी मानत नाही. आयुष्यभर वर्गात सांगत आलो. पण लेकीने या अंड्यांशी मनाची गाठ घातली आहे, आणि अंथरुणावर पडलेल्या माणसाचे मन तर्कशास्त्रावर चालत नाही. नऊच्या नऊ निघाली पाहिजेत. हा शकुन नव्हे. व्यवस्थापन आहे.

१४ मार्च

टॉर्चवर धरून अंडी तपासण्याचा विधी. जीव धरला असेल तर आत तांबड्या शिरांचे जाळे दिसते. न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी लावून भर दुपारी काळोख केला. कंडक्टरांनी टॉर्च धरला. मी मंदाक्रांतेखालून एकेक अंडे काढत होतो. हाताला सात ठिकाणी पट्ट्या आहेत.

पहिल्यात जाळे. मध्ये एक काळा ठिपका, आणि तो हलला.  कंडक्टर एवढेच म्हणाले, सर, आहे बरं का आत कुणीतरी.

मग दुसरे, रिकामे. तिसरेही. चारांत जीव, पाच स्वच्छ. कंडक्टर म्हणाले, सेल उतरलेत. दुकानातून नवे सेल आणले. आता रिकामी अंडी जास्त स्वच्छ दिसली.

लेकीला सांगितले, सगळी आशादायक आहेत. ही थाप नव्हे. आशा मला आहे, म्हणून ती आशादायक.

कंडक्टर फोन होईपर्यंत टॉर्च विझवत आणि पेटवत राहिले.

१७ मार्च

सकाळी खुराड्यात शिरलो आणि तसाच मागे सरत बाहेर आलो. सहा नंबरचे फुटले होते. त्या वासाला संस्कृतात शब्द नाही. रिकामी उरलेलीही काढून पुरली. मंदाक्रांतेचे पंख पुसायला गेलो तर तिने गालाला टोच मारली. तिच्या जागी मी असतो तर डोळ्यालाच मारली असती.

लेकीने फोटो मागितला. कोंबडी पसरून बसली की पोटाखाली चार आहेत की नऊ हे कोणाला दिसत नाही. फोटो बाजूने काढला. तिचे उत्तर आले, छान दिसतेय, माझ्याइतकीच सुजलीय.

 अंगठ्याचे चित्र पाठवले.

१९ मार्च, संध्याकाळ

हिचा फोन. लेकीला दवाखान्यात ठेवून घेतले आहे. अजून धोका नाही, पण घरी नको, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ही म्हणाली, तुम्ही आता या.

मी समजावून सांगितले की शेवटचा आठवडा अत्यंत नाजूक असतो. ओलावा राखावा लागतो. एक दिवस दुर्लक्ष झाले तर सगळे मुसळ केरात.

ती म्हणाली, बरं.

इतक्या वर्षांच्या संसारात या शब्दाचे बरेच प्रकार ऐकले. होकाराचा, वैतागाचा, भांडण उद्यावर ढकलण्याचा. हा त्यांपैकी नव्हता. माझ्याकडून काही अपेक्षा उरली नाही की माणूस असे म्हणत असावा.

परवा निघायचे. नक्की.

२० मार्च

एक योजना. पुढच्या गावाला सरकारी उबवणी केंद्र आहे, तिथे एक दिवसाची पिल्ले मिळतात. पंचविसाला नऊ आणायची आणि हळूच मंदाक्रांतेच्या पोटाखाली सारायची. पुस्तिकेनुसार खुडूक कोंबडी परकी पिल्लेही आपली म्हणून सांभाळते. कंडक्टर जुन्या ओळखीने खोका बसमधून आणतील.

याला फसवणूक म्हणता येणार नाही. वैद्य गोळीला साखरेचे आवरण देतो त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही. पेशंटच्या मनःस्वास्थ्यासाठी केलेली ही तजवीज आहे.

कंडक्टरांना सगळे सांगितले. त्यांनी डोके खाजवले. म्हणाले, सर, मी पिल्लं आणतो. पण तुम्ही बसच धरा ना, तीच पुढे लेकीच्या गावाला जाते. मी म्हटले, तुमच्या हे लक्षात यायचे नाही. ते म्हणाले, नसेल.

२१ मार्च

परवा म्हणजे आज. निघण्याची सर्व तयारी होती. वसंततिलकाने झेप घेऊन एकुलती चांगली पँट फाडली. शिंपी म्हणतो, सोमवारी.

२३ मार्च, दुपार

पुन्हा टॉर्च. चारांपैकी एकात हालचाल नाही. दुसऱ्यात काळे वर्तुळ, म्हणजे थांबलेले. ज्याच्यात पहिल्या दिवशी ठिपका हलला होता तेच. दोन उरली.

कंडक्टर म्हणाले, चहा घेऊ या. मी म्हटले, गाळणी नाही. ते घरी गेले आणि गाळून घेऊन आले. दोघे खुराड्यापाशी बसून प्यालो. ते त्यांच्या जुन्या रूटबद्दल बोलत होते. एका पॅसेंजरने बसमध्ये बकरी आणली होती आणि तिला अर्धे तिकीट लावायचे की पूर्ण यावर अर्धा तास गाडी उभी होती. मी हसलो असे त्यांना वाटले असावे.

लेकीचा फोन आज आला नाही. मीही केला नाही. झोपली असेल.

२४ मार्च

फोन आला. थकलेली वाटली. अंड्यांचे विचारले. मी म्हटले, नऊच्या नऊ आतून टकटक करतायत. ती म्हणाली, एवढ्यात? म्हटले, आपली जात हुशार आहे.  ती म्हणाली, बाबा, जेवलात का?

वार्तापत्राचा मसुदा पाहिला. 'कुक्कुटपालन हा मनःशांतीचा राजमार्ग होय' इथपर्यंत आला आहे. पुढे सरकत नाही.

२५ मार्च, दुपार

जावयाचा फोन. हा मुलगा एरवी फोनवर 'हं' आणि 'हो' यांपलीकडे जात नाही. आज तोच बोलत होता. बीपी फार वाढलंय, डोकं दुखतंय, समोर ठिपके दिसतात म्हणतेय. डॉक्टर उद्या सकाळी बघून ठरवतील. बहुतेक उद्याच काढावं लागेल. आठवडाभर आधी आहे, पण थांबणं त्याहून धोक्याचं. दोघांनाही, म्हणाला. मग त्याचा आवाज बंद झाला. लाईन चालू होती.

मी म्हटले, बरं बरं. फोन ठेवला आणि खुराड्यात जाऊन हवा खेळती आहे का ते तपासले. खेळती आहे. पुन्हा तपासले. मग टोपलीशेजारी बसून राहिलो. मंदाक्रांतेने आज टोचले नाही. हळू कुरकुरत होती. ती अंड्यांशी बोलत असते. पिल्ले आतून ओळखायला शिकतात म्हणे.

संध्याकाळी कंडक्टर खोका घेऊन आले. नऊ पिवळे गोळे, एकजात ठणठणीत. न्हाणीघरात दिव्याच्या उबेला ठेवले. पाहणाऱ्याला वाटेल की काय आनंद आहे या घरात.

मला मात्र त्यांच्याकडे बघवेना.

२६ मार्च, सकाळ

एका अंड्याला भोक पडले आहे. तांदळाच्या दाण्याएवढे. त्यातून चोचीचे टोक दिसते. हलते, मग बराच वेळ हलत नाही.

आतून आवाज येतो. अगदी बारीक.

पुस्तिका म्हणते, या वेळी हात लावू नये. कवच सोलून मदत केली तर आतल्या शिरा तुटतात आणि पिल्लू मरते. ज्याचे त्याने बाहेर यायचे. हे वाक्य मी तीनदा वाचले आणि तरीही माझी नखे कवचाच्या कडेला लागली होती. एवढासा पापुद्रा. सहज निघाला असता.

तेवढ्यात फोन वाजला. लेक.

आवाज हळू होता, पण स्वच्छ. दुपारी आत नेणार म्हणाली. मी म्हटले, सगळे ठीक होईल. ती म्हणाली, हो. मग नेहमीचा प्रश्न, अंडी काय म्हणतायत? मी तोंड उघडले आणि न्हाणीघरातल्या नऊ पिल्लांची बातमी सांगू लागलो. तिने मध्येच थांबवले.

म्हणाली, बाबा, राहू दे. अंडी धुतलीत हे तुम्हीच पहिल्या दिवशी सांगितलंत, साबणासकट. मी त्याच संध्याकाळी वाचलं की धुतलेली अंडी निघत नाहीत म्हणून.

मी विचारले, मग रोज कशाला विचारत होतीस?

म्हणाली, अहो, तुम्ही दुसरं काही बोलतच नव्हता. अंड्यांचं विचारलं की निदान दहा मिनिटं तुमचा आवाज तरी ऐकू यायचा.

मला वाटत होते की मी तिचे मन गुंतवून ठेवले आहे.

  मागे कुणीतरी ट्रॉली ढकलत होते. मग ती म्हणाली, बाबा, मला भीती वाटतेय. आई आहे, हा आहे, तरी वाटतेय. तुम्ही या. कोंबडी आणू नका.

२६ मार्च, बसमध्ये

अक्षर हलते आहे. रस्ता वाईट आहे.

पँट फाटकीच घातली, ती शिंप्याकडे टाकलीच नव्हती. शर्ट बाहेर सोडला आहे. कंडक्टरांना चावी दिली. नऊ पिल्लांचे काय करायचे, त्यांनी विचारले. म्हटले, तुम्हाला सुचेल ते करा. ते बसपर्यंत आले आणि ड्रायव्हरला म्हणाले, आमचे सर आहेत, कुठे थांबू नका.

त्या अंड्याला हात लावला नाही. पिल्लू बाहेर आले का, ठाऊक नाही. विचारावेसे वाटते, पण फोन करत नाही. लाईन मोकळी असायला हवी.

या रोजनिशीत गेले कित्येक दिवस ओलावा, दार, सुतार, शिंपी असे बरेच लिहिले आहे. सगळे खोटे आहे असे नाही. दार खरेच लागत नव्हते. पण सुतार सोमवारी आला होता आणि त्याने ते पाच मिनिटांत बसवले होते.

मला कोंबड्यांची काळजी नव्हती.

मी पोचेन तोवर सगळे झालेले असेल. ही बाहेर बाकावर बसलेली असेल. काही सांगायच्या आधी ती मान वर करून माझ्याकडे बघेल, आणि काय झाले ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळेल. मागच्या वेळी तसेच कळले होते. त्या चेहऱ्यासमोर पुन्हा उभे राहायची मला भीती वाटते. म्हणून इतके दिवस गेलो नाही. अजूनही वाटते आहे, आणि बस वेगात चालली आहे.